शंभरात किती फुटल्या?

आमच्या कंपनीच्या शेअरचा भाव गेली वीस वर्षं अकरा रुपये चाळीस पैसे आहे. याला बाजारात स्थैर्य म्हणत नाहीत. भाव हलायला कुणीतरी विकावा लागतो आणि कुणीतरी घ्यावा लागतो. आमचा शेअर कुणी विकायलाच काढत नाही. मग भाव तरी काय करणार बिचारा, बसून राहतो.

कंपनीचं नाव भोईटे ग्लास इन्स्ट्रुमेंट्स लिमिटेड, मुक्काम फलटण. आम्ही दुधात पाणी किती आहे ते सांगणाऱ्या काचेच्या नळ्या बनवतो, म्हणजे लॅक्टोमीटर. दोन हजार सदतीस साली हे कोण विकत घेतं, असं मला लग्नाच्या स्थळांकडून नेहमी विचारलं जातं. लोक घेतात. संकलन केंद्रातलं इलेक्ट्रॉनिक यंत्र लिटरमागे किती कापायचं ते सांगतं. गवळी घरी येऊन आमची नळी दुधात सोडतो आणि यंत्र खोटं बोललं का ते बघतो. या अविश्वासावर अठ्ठावन्न कामगारांची घरं चालतात.

मी निनाद रणवरे, कंपनी सेक्रेटरी. माझ्या आईची समजूत आहे की मी हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ती अधूनमधून पाण्याच्या टाकीबद्दल विचारते. मी 'बघतो' म्हणतो.

आमचे अध्यक्ष आत्माराम भोईटे, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना आबा म्हणतात, बँकेचा मॅनेजरसुद्धा. एकोणीसशे पंच्याण्णव साली आबांनी शेअर बाजारात आणला, तेव्हा मंगल कार्यालयात टेबलावर उभं राहून गावाला सांगितलं होतं, "दहा रुपयांना एक. पाहिजे त्या दिवशी विकता येईल. माझ्याकडे यायला नको, मला कारण सांगायला नको." शिक्षक, कंपाउंडर, पिठाच्या गिरणीवाले, सगळ्यांनी घेतले. आणि पाहिजे त्या दिवशी विकता येतो म्हटल्यावर कुणालाच विकायची घाई राहिली नाही. बेचाळीस वर्षं झाली.

आबांचा तो शब्द शेअर बाजारात आहे तोवर खरा. बाजारातून नाव निघालं की तो शेअर म्हणजे नक्षी असलेला कागद. कुणाला विकायचा झाला तर आबांच्या दारात यावं लागणार आणि कारण सांगावं लागणार.

जूनमध्ये बाजारमंडळाची तिसरी नोटीस आली. तिसरी म्हणजे शेवटची.

"काय म्हणतायत?" आबांनी विचारलं.

"म्हणतायत, या वर्षीच्या सभेत मेळ बसला नाही तर यादीतून नाव काढू."

"गेल्या वर्षी किती झाला होता आपला?"

"दोन मिनिटं दहा सेकंद."

"आणि पाहिजे किती?"

"अकरा मिनिटं. सलग."

आबांनी चष्मा काढून पुसला. "त्या दोन मिनिटांत मी काय बोलत होतो?"

"तुम्ही घसाऱ्याबद्दल बोलत होतात, आबा. पण तेवढ्यात मागे सादिकभाईंनी वड्यांचा पहिला घाणा काढला आणि वास आला."

हा मेळ काय आहे ते सांगायला हवं.

माणसं एखादी गोष्ट मनापासून ऐकत असतील तर त्यांच्या हृदयाचे ठोके नकळत एकमेकांसारखे चालतात. गोष्टीत एका जागी सगळ्यांचे जलद होतात, एका जागी सगळ्यांचे मंदावतात. त्यासाठी हातात हात घ्यावा लागत नाही, ओळखही लागत नाही. लक्ष लागलं की मेंदू हृदयाला आपोआप तसं वागवतो. लक्ष उडालं की प्रत्येक हृदय आपापल्या वाटेनं जातं. एकाला गॅस बंद केला का ते आठवतं, दुसऱ्याला जावई. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. त्याचा काही उपयोग आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग शेअर बाजारात यंत्रांची गर्दी झाली. लोकांच्या नावानं यंत्रं शेअर घेऊ लागली, सभेला पडद्यावर चेहरा घेऊन बसू लागली, मतं देऊ लागली, 'लाभांश वाढवा' असं ओरडूही लागली. एका बड्या कंपनीच्या चाळीस हजार भागधारकांची मोजणी केली तेव्हा त्यात माणसं तीन निघाली. त्यातलं एक अध्यक्षांची सासू होती. तेव्हा बाजारमंडळानं ठरवलं की जनतेची कंपनी म्हणवून घ्यायचं असेल तर जनता दाखवा. एका यंत्राला एका माणसाची खोटी नाडी बनवता येते. पण शंभर माणसं समोर बसून एकाच बोलण्यावर कशी धडधडतील, हे आधीच ठरवून बनवता येत नाही, कारण बोलणारा पुढे काय बोलेल ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तर नियम असा. वर्षाच्या सभेला किमान शंभर भागधारक स्वतः हजर पाहिजेत. ते प्रवर्तकांच्या, म्हणजे मालकांच्या, घरचे नकोत, जनता पाहिजे. प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा. पट्ट्यातला हिरवा दिवा कातडीतून रक्ताची लय बघतो आणि मेळमापकाला कळवतो. मेळमापक शून्य ते शंभर असा आकडा दाखवतो. तो चाळीसच्या वर सलग अकरा मिनिटं राहिला पाहिजे. आणि बोलायचं फक्त विषयपत्रिकेवरचं. ही शेवटची अट नंतर घातली, कारण एका सिमेंट कंपनीनं सभेत क्रिकेटची मॅच लावली होती.

फलटणमध्ये मेळमापकाला धडधड्या म्हणतात.

मोठ्या कंपन्यांनी मालिकांतले नट नेमले. तोट्याचा आकडा वाचताना आवाज कुठे कापरा करायचा याचे वर्ग निघाले. मी आबांना एका शिक्षकाचं नाव सुचवलंही होतं. पुण्याचा होता, ताळेबंद गहिवरून वाचायला शिकवायचा.

"मी रडू?" आबा म्हणाले.

"थोडंसं. दायित्वांपाशी."

"निनाद, तू आत जाऊन चहा सांग."

आबांचा भरवसा दुसऱ्या कशावर होता, हे मला उशिरा कळलं. आमच्या सभेला पहिल्या रांगेत तिसरी खुर्ची कमल ननावरे बाईंची. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. चौथीत मलाही होत्या. लग्न केलं नाही. पंच्याण्णव साली पाच हजार रुपयांचे पाचशे शेअर घेतले आणि त्यानंतर एकही सभा चुकवली नाही. दर वर्षी 'भागधारकांचे प्रश्न' हा विषय आला की उठायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या.

"अध्यक्षमहाशय, यंदा शंभरात किती फुटल्या?"

म्हणजे शंभर नळ्या बनवताना किती फुटतात. आबा उभे राहून आकडा सांगायचे. बाई वहीत लिहायच्या आणि बसायच्या. आबांची पत्नी जाऊन वीस वर्षं झाली, बाई एकट्या, दोघांच्या घरात अंतर तीन गल्ल्यांचं. तरी वर्षभरात दोघांचं बोलणं एवढंच. गावात यावर कुणी काही बोलत नसे, पण त्या प्रश्नाला वडा खाणारेही वडा थांबवायचे.

आता माझी चूक.

आमच्या सभेचा पहिला विषय दुखवट्याचा ठराव. वर्षभरात जे भागधारक वारले त्यांची नावं अध्यक्ष वाचतात, सगळे दोन मिनिटं उभे राहतात. नावं गोळा करायला ऑफिसात एक ट्रे आहे. त्यावर चिठ्ठी आहे, 'यंदा येणार नाहीत'. बेचाळीस वर्षांत आमच्या सभेला न येण्याचं एकच कारण घडलेलं आहे, त्यामुळे ट्रेही एकच आहे. वड्यांबरोबर पेढाही असतो, लोक ताप अंगात घेऊन येतात.

कमलबाईंनी मात्र या वर्षी पत्र पाठवलं. 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पुण्यास भाचीकडे आहे, सभेस उपस्थित राहता येईल असे वाटत नाही, तरी रजा मंजूर व्हावी.' शेअर बाजाराच्या इतिहासात सभेला न येण्यासाठी रजेचा अर्ज करणाऱ्या बाई एकट्याच असतील. शिपायानं पाकीट फोडून पत्र वरवर चाळलं, यंदा येणार नाहीत एवढं कळलं, पाकीट ट्रेमध्ये टाकलं. सभेच्या आदल्या दिवशी मी शंभर पट्टे, शंभर खुर्च्या आणि शंभर लोकांच्या रिक्षा यांच्यामागे होतो. ट्रेमधल्या पाकिटांवरची सहा नावं बघून टाईप केली. आतलं वाचलं नाही, नावं कुणाची तेही डोक्यात शिरलं नाही.

सभेच्या दिवशी बाजारमंडळाच्या निरीक्षक रिद्धी काणेकर मुंबईहून आल्या. माझ्याच वयाच्या. टेबलावर मेळमापक मांडून बसल्या. त्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ, बाजूला घड्याळ आणि डोकी किती ते दाखवणारा आकडा. मी दारात पट्टे बांधत होतो. बरोबर शंभर झाले. शंभरावे बाळासाहेब निकम, निवृत्त सर्कल अधिकारी. त्यांनी पट्टा बांधून घेण्याआधी नियमावली मागितली.

मी मंचाकडे बघितलं तेव्हा आबा तिसऱ्या खुर्चीकडे बघत होते. खुर्ची रिकामी होती.

"बाई?" त्यांनी मला लांबून ओठांनी विचारलं.

मी घाईत होतो. 'येतील' अशी हातानं खूण केली.

सभा सुरू झाली. रेघ सव्वीसवर. आबा उठले, कागद घेतला. "गतवर्षात आपल्यातून निघून गेलेल्या भागधारकांना ही सभा श्रद्धांजली वाहते. विठोबा गणपत शेंडे. हलीमा करीम आतार. मारुती ज्ञानदेव ननावरे. कमल..."

आणि थांबले.

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. मग तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मीही बघितलं. त्या क्षणी मलाही खरंच वाटलं की बाई गेल्या. छापील होतं ना. मीच छापलं होतं तरी.

हॉलमध्ये कुणीही उभं राहिलं नाही. हिरवी रेघ सव्वीसवरून एकसष्टवर गेली. घड्याळ चालू झालं.

आबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

रिद्धीबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हे विषयपत्रिकेवर आहे का?"

"विषय क्रमांक एक," मी म्हणालो.

"पहिल्या वर्षी," आबा बोलायला लागले, "बाईंनी विचारलं, शंभरात किती फुटल्या. मी म्हणालो, फार नाही. त्या म्हणाल्या, अध्यक्षमहाशय, फार नाही हा आकडा नव्हे. मी घरी जाऊन मोजलं. चौदा. मला लाज वाटली. पुढच्या वर्षी भट्टीतून काढलेली नळी हळू गार करायची सोय केली. काच घाईनं गार केली की आत ताण राहतो. वरून दिसत नाही. पुढे कधीतरी नुसता चमचा लागला तरी फुटते. हळू गार करायला लागलो. अकरावर आलो. मग नऊ. लोक म्हणतात, कंपनीनं प्रगती केली. कंपनीनं काही केलं नाही. वर्षातून एकदा बाईंना आकडा सांगायचा असायचा, म्हणून मी अकरा महिने नळ्या मोजायचो."

चार मिनिटं झाली. रेघ अडुसष्टवर. मागे कुणीतरी नाक ओढलं.

"यंदा तीन," आबा म्हणाले. "खरं तर दोनच होत्या. तिसरी परवा माझ्या हातून पडली. मी म्हणालो, असू दे, बाई विचारतील तेव्हा सांगू की ही माझी. त्या हसल्या असत्या का, ते मला माहीत नाही. त्यांना हसताना मी दोनदाच बघितलंय."

सात मिनिटं. एवढ्यात सादिकभाई मागच्या दारातून माझ्यापाशी आले. सादिकभाई वीस वर्षं आमच्या सभेचे वडे तळतात. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"रणवरेसाहेब, बाहेर या."

"आत्ता नको, सादिकभाई."

"अहो, बाई आल्यात."

मी बाहेर गेलो. व्हरांड्यात वॉकर धरून कमल ननावरे बाई उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत वही.

"निनाद, दार का लावलंय? उशीर झाला म्हणून बाहेर उभं करणार मला?"

"बाई, तुम्ही पुण्याला..."

"डॉक्टर नको म्हणाले. मी म्हटलं, बेचाळीस वर्षांची हजेरी आहे. भाचीला गाडी काढायला लावली. आत कोण बोलतंय? आबा का?" त्यांनी कान दिला. आतून आबांचा आवाज येत होता. "कोण गेलं रे?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

"आत्ता. आठ मिनिटांपूर्वी."

"कुणी सांगितलं?"

"मी टाईप केलं."

"पत्र वाचलं नाहीस?"

"नाही."

"चौथीतही हेच. प्रश्न न वाचता उत्तर लिहायचास."

मी त्यांना दोन वाक्यांत धडधड्या सांगितला. आत रेघ वर आहे, आठ मिनिटं झालीत, आणखी तीन झाली की कंपनी बाजारात राहते. आत्ता दार उघडलं तर सगळं विस्कटणार आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. बाईंनी शांतपणे ऐकलं. वर्गातही त्या अशाच ऐकायच्या, आणि आपण खोटं बोलत नसलो तरी घाम फुटायचा.

"ते रडताहेत का?"

"नाही. पण ग्लास खाली ठेवला, पाणी न पिता."

बाईंनी दाराला हात लावला नाही. "तू सेक्रेटरी आहेस," एवढंच म्हणाल्या. "तू ठरव."

मी फटीतून बघितलं. आठ मिनिटं पन्नास. दोन मिनिटं दहा सेकंद उरले होते. गेल्या वर्षी आमच्याकडे एकूण जेवढी होती तेवढीच. अठ्ठावन्न घरं. आबांचा शब्द. एका म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं जास्त दुःख झालं तर काय बिघडतं, असा हिशेब मी केला. हिशेब बरोबर होता. मग आबा म्हणाले, "मी तीन गल्ल्या चालून जाऊन विचारायला हवं होतं, बाई, आकडा आताच सांगू का? सभेपर्यंत कशाला थांबायचं? पण मी दर वर्षी थांबलो."

मी दार उघडलं.

वॉकरचा आवाज फरशीवर ठक, ठक असा झाला. सगळ्यांनी मागे बघितलं. रेघ एकदम त्र्याण्णववर गेली, शंभर काळजं एकदमच दचकली, आणि मग प्रत्येक जण आपापलं ओरडायला लागला. कुणी 'अगं बाई', कुणी 'पाणी आणा', कुणी नुसतंच 'आं'. रेघ बारावर. घड्याळ शून्य.

आबा उभेच होते. ते ओरडले नाहीत. हातातला कागद त्यांनी नीट चार घड्या घालून खिशात ठेवला, जणू तो परत लागणार होता.

"अध्यक्षमहाशय," बाई वॉकर थांबवून म्हणाल्या, "उशिराबद्दल क्षमस्व."

तेवढ्यात निकम उठले. "हरकत! दुखवटा मांडलेल्या व्यक्तीला त्याच सभेत प्रवेश देण्याची तरतूद कुठे आहे? मी सभात्याग करतो." त्यांनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि खरोखरच गेले. जाताना पेढा घेतला.

रिद्धीबाई म्हणाल्या, "नव्याण्णव. शंभराच्या खाली मोजणी होत नाही, मिस्टर रणवरे."

"यांना बांधा," मी म्हणालो. बाईंकडे बोट केलं.

"माझ्या यादीत त्या दिवंगत आहेत."

"चूक माझी आहे. लेखी देतो."

रिद्धीबाईंनी क्षणभर विचार केला. मग उठून स्वतः बाईंच्या मनगटाला पट्टा बांधला. हिरवा दिवा लागला, लुकलुकला. "नाडी आहे," त्या म्हणाल्या आणि तशी नोंद केली.

शंभर.

अहवाल वाचून झाला, लाभांश मंजूर झाला, रेघ पंचविसाच्या आसपास लोळत होती. मी मनातल्या मनात सगळ्यांना उद्या काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. मग आबा म्हणाले, "विषय चार. भागधारकांचे प्रश्न."

बाई उठायला लागल्या.

"बसून विचारा," आबा म्हणाले.

"उभं राहूनच विचारते." त्या उभ्या राहिल्या. वही काढली, पेन काढलं. "अध्यक्षमहाशय, यंदा शंभरात किती फुटल्या?"

"तीन. त्यातली एक माझ्या हातून."

"तीन गल्ल्यांचं ऐकलं मी, दारातून." बाईंनी लिहिलं. सगळ्यांना वाटलं, आता बसतील. त्या बसल्या नाहीत. "दुसरा प्रश्न."

बेचाळीस वर्षांत दुसरा प्रश्न नव्हता. मी मेळमापकाकडे बघितलं. चौपन्न. घड्याळ चालू झालं होतं.

"फुटलेल्या काचेचं काय करता?"

आबांनी मंचावरची खुर्ची उचलली, पायऱ्या उतरून खाली आणली आणि तिसऱ्या खुर्चीसमोर ठेवून बसले. मग बाईही बसल्या.

"टाकत नाही," आबा म्हणाले. "पिंपात साठवतो. नव्या मालात घालतो. नुसत्या नव्या मालाला भट्टी फार तापवावी लागते, वाळूला वितळायची सवय नसते. त्यात फुटलेली काच घातली की ती आधी वितळते आणि बाकीच्याला आपल्यात ओढते. कमी आचेत काम होतं."

"मग जास्त फुटल्या तर फायदाच की."

"नाही. नुसती फुटलेलीच घातली तर बुडबुडे येतात. थोडी पाहिजे."

"थोडी म्हणजे? थोडी हा आकडा नव्हे."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण हळू, पुढचं ऐकू यावं म्हणून. आबांनी आकडा सांगितला. बाईंनी तो लिहिला, मग विचारलं की पिंप कुठे ठेवता, मग विचारलं की पहिल्या वर्षीच्या चौदांतली काच आजच्या नळीत असेल का. आबा विचार करून म्हणाले, असेल. चिमूटभर तरी असेल. काच पुन्हा पुन्हा वितळते, तिचं काही संपत नाही. बाई म्हणाल्या, हे बेचाळीस वर्षं सांगितलं नाहीत. आबा म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत. बाई म्हणाल्या, मला वाटलं एका सभेत एकच प्रश्न विचारायचा असतो. आबा म्हणाले, असा नियम कुठेय? आणि दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"नाही असा नियम," मी म्हणालो.

काचेवर इतकं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. वडे गार झाले. सादिकभाई झारा हातात घेऊन दारात उभे राहिले ते तसेच. मी पडद्याकडे बघायचं विसरलो. रिद्धीबाईही विसरल्या. नंतर त्यांनी मागची नोंद काढून बघितली तेव्हा कळलं. एकोणीस मिनिटं. सरासरी एक्क्याहत्तर.

महिन्यानं बाजारमंडळाचं पत्र आलं. नाव यादीत कायम. खाली एक ओळ: 'सभेत एक मृत भागधारक एकोणीस मिनिटे प्रश्न विचारताना आढळली. खुलासा करावा.' मी खुलासा केला. ट्रेबद्दल लिहिलं. आता ऑफिसात दोन ट्रे आहेत.

त्यानंतर बाई गुरुवारी संध्याकाळी कारखान्यात यायला लागल्या, पिंप बघायला. मग मंगळवारीही. दिवाळीच्या आधी आबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई तिथंच बसल्या होत्या.

"निनाद," आबा म्हणाले, "आम्ही नोंदणी करायची म्हणतोय. लग्नाची. काही अडचण नाही ना?"

मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं आणि मला नियम आठवला. कंपनी सेक्रेटरीचं आयुष्य असंच असतं.

"एक आहे," मी म्हणालो. "बाई, लग्न केलंत तर तुम्ही जनता राहत नाही."

"म्हणजे?"

"प्रवर्तकाची पत्नी प्रवर्तकांच्या घरात मोजतात. सभेला येणारी जनता आपल्याकडे शंभर आहे. निकमांनी सभात्याग कायमचा केलाय, त्यांना सोडून. तुम्ही गेलात की नव्याण्णव. पुढच्या वर्षी परत नोटीस."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. "मग राहू दे," ते म्हणाले. "गुरुवार-मंगळवार आहे की."

"राहू दे कशाला?" बाई म्हणाल्या. "मी विकते माझे शेअर. जो घेईल तो शंभरावा. पाहिजे त्या दिवशी विकता येतात, असं कुणीतरी टेबलावर उभं राहून म्हणालं होतं."

आबांचा चेहरा उतरला. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. "बाई, वीस वर्षांत कुणी विकून बघितलेलं नाही," ते हळूच म्हणाले.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला, तेव्हा मी पाचशे शेअर विक्रीला लावले, अकरा चाळीसनं. घेणारा शून्य. दहा वाजले, शून्य. बारा, शून्य. आबा जेवायला गेले नाहीत. पडद्यासमोर हातांची घडी घालून बसले होते. बाई शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या, पण पान उलटत नव्हत्या. तीन वाजले. साडेतीनला बाजार बंद होतो. आबा म्हणाले, "कारण न सांगता विकता येईल म्हणालो होतो. घेणारा येईल असं म्हणालो नव्हतो, ते..."

तीन वाजून एकवीस मिनिटांनी पडद्यावर हिरवा आकडा आला. पाचशे. घेतले.

दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. मागे तेलाचा चर्र आवाज. "रणवरेसाहेब, मिळाले का हो? बोटांना तेल होतं, बटण दाबलंच जाईना. तीनदा हात धुतले." सादिकभाई होते. "वीस वर्षं घ्यायचे म्हणतोय, पण कुणी विकतच नव्हतं."

मी ते मोठ्यानं सांगितलं. आबांनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा एकदा पडदा वाचला. शेअर विकला गेला होता. कुणी कारण विचारलं नव्हतं.

बाईंनी वहीत हिशेब मांडला. "पाच हजारांचे पाच हजार सातशे," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांत."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत तिसऱ्यांदा बाई हसत होत्या.

"जरा घाईच केलीत," आबा म्हणाले.